आक्कांची पिशवी

घरातल्या कागदपत्रांचा विषय निघाला की आमच्या ह्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "तिला विचारा." रेशनकार्ड कुठे आहे, मुलांचे जन्मदाखले कुठे आहेत, घरपट्टीची पावती कुठे ठेवली, सगळ्याला एकच उत्तर. तुमच्याकडेही यापेक्षा निराळं नसणार. म्हणून मैत्रिणींनो, आज लोणची-मसाले बाजूला ठेवून मी तुमच्याशी कागदांविषयीच बोलणार आहे. आपल्या नव्हे, आपल्या घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या कागदांविषयी.

"म्हाताऱ्यांसाठी सरकार काही करत नाही" असं आपण चारचौघींत सहज बोलून जातो. ते तितकंसं खरं नाही. पेन्शन आहे, फुकट औषधं आहेत, एसटीची सवलत आहे, वेगळा कायदासुद्धा आहे. पण यातल्या प्रत्येक गोष्टीच्या दारापर्यंत म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी हात धरून न्यावं लागतं, आणि तो हात कुठून आणायचा हे मात्र एकाही योजनेत लिहिलेलं नाही. तो हात बहुतेक वेळा आपला असतो. कशी ही भानगड असते ते आमच्या आक्कांवरून सांगते.

आमच्या वाड्यात मागच्या अंगाला एका खोलीत आक्का राहतात. वय ७६. यजमान जाऊन वीस वर्षं झाली. हातात बळ होतं तोवर त्या लग्नाकार्यात पोळ्या लाटायला जात. पुरणपोळी अशी पातळ की ताटाची नक्षी खालून दिसावी. मुलगा आहे, नाही असं नाही. लांब शहरात कारखान्यात कंत्राटी कामावर आहे, त्याचंच त्याला पुरत नाही. दिवाळीला येतो, साडी आणतो, निघताना डोळे पुसतो. आक्कांचं भागतं ते श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनवर. महिन्याला दीड हजार रुपये. २०२३ पर्यंत ते हजारच होते. आक्का त्याला पेन्शन म्हणत नाहीत, "पगार" म्हणतात, आणि पगार म्हणताना जरा ताठ बसतात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगून टाकते. वय ६५ पूर्ण पाहिजे, घरचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे आणि महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य पाहिजे. अर्ज तहसील कचेरीत संजय गांधी योजनेचं टेबल असतं तिथे करायचा. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. एवढ्यात आज घर कसं चालतं, हे ज्यांनी आकडा ठरवला त्यांनी एकदा किराणा भरून दाखवावा! पण ते असो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीत आशाताई तपासणीला आल्या होत्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब, साखर पाहतात ना, ती तपासणी. आमच्या ओसरीवरच सगळ्यांना बोलावलं होतं. आक्कांच्या दंडाला पट्टा बांधला तर वरचा आकडा १९०. आशाताई घाबरल्या. "आक्का, गोळ्या घेताय ना?"

"घेते की गं," आक्का म्हणाल्या.

आमच्या सासूबाई मोठ्या बारीक नजरेच्या. त्या उठल्या, थेट आक्कांच्या खोलीत गेल्या आणि गोळ्यांची डबी घेऊन आल्या. डबीत सगळ्या अर्ध्या गोळ्या! सुपारीच्या अडकित्त्याने कातरलेल्या. अर्धी गोळी, तीही एक दिवसाआड.

"सुपारी सुटली, अडकित्ता कामाला आला," असं म्हणून आक्का हसल्या. आम्ही कोणी हसलो नाही.

खोदून विचारलं तेव्हा कळलं की चार महिने पगार आला नव्हता. आक्का बँकेत तीनदा जाऊन आल्या होत्या. बँकेत म्हणाले, पैसे आलेच नाहीत, तहसीलला विचारा. तहसीलला म्हणाले, आम्ही पाठवले, बँकेत विचारा. प्रत्येक खेपेला रिक्षाचे जाऊन-येऊन ऐंशी रुपये. दुकानातून गोळ्या आणायच्या तर पैसे नाहीत, आणि सरकारी दवाखाना पडतो दीड किलोमीटर. गुडघ्यांनी तेवढं चालवत नाही. मग हा अडकित्ता.

आता बघा, आपल्या राज्यात आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधोपचार मोफत आहेत. केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. म्हणजे आक्कांची गोळी फुकटच होती. महाग होती ती गोळीपर्यंतची वाट. हे मला तोवर कोणी असं मांडून सांगितलं नव्हतं, आणि कागदावरच्या योजनेत ते दिसतही नाही.

मी सकाळच्या शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवते, अर्धवेळ. पैसे तासावर. ज्या दिवशी जाणार नाही त्या दिवसाचे कटणार. कचेरीतले साहेब जागेवर भेटायची वेळ आणि माझ्या शाळेची वेळ नेमकी एक. तरी एका सोमवारी रजा टाकली आणि आक्कांना घेऊन तहसीलला गेले. तिथले कारकून काही वाईट नव्हते हो. टेबलावर फायलींचा हा एवढा ढीग, समोर म्हाताऱ्यांची रांग आणि उत्तर द्यायला एकटा माणूस. बऱ्याच वेळाने त्यांनी आक्कांचा आधार क्रमांक टाकून पाहिला आणि म्हणाले, "पैसे जातायत की! दर महिन्याला जातायत."

"कुठे?" मी विचारलं.

"आधारला शेवटी जे खातं जोडलंय त्यात."

मैत्रिणींनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण आमच्या एकट्या आळीत नंतर अशी आणखी दोन माणसं निघाली. योजनेचा पैसा आता थेट खात्यात येतो, पण तो आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात येईलच असं नाही. आधार क्रमांक सगळ्यांत शेवटी ज्या खात्याला जोडला गेला त्या खात्यात तो जातो. आक्कांना आठवेना, आपलं दुसरं खातं कुठलं. रिक्षात बसल्यावर आठवलं. देवळात कसलंसं शिबिर होतं, एका मुलाने बोट टेकवायला सांगितलं, फोटो काढला, एक छोटं कार्ड दिलं. "म्हटलं असेल काही सरकारी," आक्का म्हणाल्या. घरी येऊन पाहतो तो कार्ड देवघरात अन्नपूर्णेच्या मागे, हळदीकुंकवाने माखलेलं. चार महिन्यांचे सहा हजार त्या खात्यात जसेच्या तसे होते. आणि इकडे बाई अर्धी गोळी कातरत होती.

पैसे सापडले, पण हातात येईनात. त्या खात्यातून काढायचे तर यंत्रावर बोटाचा ठसा जुळावा लागतो. आक्कांचा अंगठा जुळेना. एकदा नाही, दोनदा नाही, पाच वेळा. यंत्रावर बसलेला मुलगा वैतागला, "आजी, बोट नीट ठेवा ना."

"नीटच आहे रे बाबा, झिजलंय," आक्का म्हणाल्या.

मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. खरंच, अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती. साठ वर्षं लाटणं धरलेलं, राखेने भांडी घासलेली, सोड्याच्या पाण्यात धुणं धुतलेलं. कष्टाने ज्यांच्या बोटांच्या रेघा गेल्या त्यांनाच पैशासाठी बोट दाखवायला लावणारं हे यंत्र कोणा बाईने केलेलं नसावं, एवढं मी खात्रीने म्हणेन.

यावरचे उपाय मात्र आहेत. अंगठाच लागतो असं नाही, दहातलं कुठलंही बोट चालतं. आक्कांचं डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट जुळलं. हात कोरडे खरखरीत असतील तर आधी कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ पुसावेत, ठसा बरा उमटतो. आणि काहीच जुळत नसेल तर आधार केंद्रावर जाऊन ठसे पुन्हा नव्याने घेता येतात, डोळ्यांची नोंदही त्यात असते. हे त्या मुलानेच सांगितलं, पण मी दोनदा विचारल्यावर.

मग बँकेत जाऊन जुन्या खात्याला आधार परत जोडायचा अर्ज दिला. तिथे मी आणखी एक विचारलं. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली सगळ्या बँकांना कळवलं आहे की ७० वर्षांवरच्या आणि अपंग खातेदारांना पैसे देण्या-घेण्याची काही कामं घरी येऊन करून द्यावीत. मी पुस्तकी बाई, असलं काही वाचलेलं लक्षात राहतं. साहेब म्हणाले, "सोय आहे, पण आमच्याकडे माणूस कमी आहे." मी म्हटलं, तसं लिहून द्या. लिहून दिलं नाही, पण पंधरा दिवसांनी एक गृहस्थ सायकलवरून वाड्यात आले आणि आक्कांचं काम ओसरीवर झालं. पुढच्या वेळी येतील की नाही, कोण जाणे. मी अर्जाची पोचघेतलेली प्रत जपून ठेवली आहे. तुम्हीही कुठलाही अर्ज दोन प्रतींत करत जा आणि एकीवर शिक्का मारून घेत जा. तोंडी बोलणं कचेरीच्या दारापाशीच विरून जातं.

दवाखान्याचंही असंच. वृद्धांच्या आरोग्याचा एक राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा आणि ग्रामीण रुग्णालयात दोनदा म्हाताऱ्यांची खास तपासणी ठेवायची आणि जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी दहा खाटांचा वेगळा कक्ष ठेवायचा, अशी आखणी आहे. तुमच्या गावात कोणता वार आहे ते आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारून ठेवा. आमच्याकडे गुरुवार. इतर दिवशी गेलात तर तापखोकल्याच्या गर्दीत दोन दोन तास उभं राहावं लागतं. खरं म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सरकारी रुग्णालयांत त्यांच्यासाठी वेगळी रांग असावी असं स्पष्ट म्हटलं आहे. ही मेहरबानी नव्हे. पहिल्या गुरुवारी रांग एकच होती. मी नर्सबाईंना शांतपणे कायद्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, मलाही पटतं, पण केसपेपर काढायला खिडकीच एक आहे." तरी आक्कांना बाकावर बसवून त्यांचा कागद पुढे घेतला. डॉक्टरीणबाईंनी अडकित्त्याची हकीकत ऐकली, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आक्का, भाकरी अर्धी खाल्लीत तर मी समजू शकते. गोळी अर्धी नको." महिन्याच्या गोळ्या एकदम दिल्या. आता महिन्यातून एकच खेप.

त्याच कायद्याचं आणखी एक कलम मला कोणीतरी आवर्जून सांगितलं. मुलं सांभाळत नसतील तर आईवडलांना प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून मिळू शकतो. आधी दोन्ही बाजूंना बसवून समेटाचाही प्रयत्न होऊ शकतो. मी आक्कांना हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते. "पोटच्या पोरावर अर्ज करू? त्याच्याकडे असतं तर त्याने दिलं नसतं का?" त्यावर मी पुन्हा तो विषय काढला नाही. ज्यांची मुलं गाडी-बंगल्यात राहून आईला विसरली आहेत त्यांना हे कलम माहीत असावं, एवढ्यासाठी इथे लिहिलं.

या कायद्यातली एक गंमत मात्र सांगायलाच हवी. त्यात "मुलं" म्हणजे कोण, तर मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचं नाव नाही. जबाबदारीच्या यादीत सून नाही, आणि दवाखान्याच्या बाकांवर दर गुरुवारी पाहावं तर दहात सात सुनाच बसलेल्या! कोणी डबा घेऊन आलेली, कोणी कडेवर पोर घेऊन आलेली. मुलगे कुठे असतात? एका गुरुवारी माझी परीक्षेची गडबड होती म्हणून आमच्या ह्यांना पाठवलं. ह्यांनी आक्कांना रांगेत बसवलं आणि हे चहाला गेले. आक्कांचा नंबर आला तेव्हा हे चहाच्याच दुकानात! आक्का एकट्या आत जाऊन, गोळ्या घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनीच ह्यांना शोधून काढलं.

आमच्या सासूबाईंचीही एक हकीकत सांगते. त्या ७१ वर्षांच्या. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागलं. वय आधारवर असेल तेच धरतात. आम्ही ते काढलं. सासूबाई कार्ड घेऊन हौसेने औषधाच्या दुकानात गेल्या आणि गुडघ्याचं मलम मागितलं. दुकानदार हसायला लागला. ते कार्ड योजनेत असलेल्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर उपयोगी पडतं. रोजच्या गोळ्यांना, मलमाला, नुसत्या तपासणीला नाही. नवराबायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. हे घरच्यांना आधीच समजावून सांगितलेलं बरं, नाहीतर ऐनवेळी सगळं घर कार्डावर विसंबून राहतं.

आक्कांच्या डोळ्याला मोतीबिंदू आहे. तो दाखवायला आम्ही जिल्ह्याच्या गावी एसटीने गेलो. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि आपल्याला, म्हणजे सगळ्याच बायकांना, २०२३ पासून अर्धं. कंडक्टरने आक्कांचं आधार पाहून शून्याचं तिकीट फाडलं. आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी फुकट, मास्तरीणबाई निम्म्यात. अजून चार वर्षांनी तूही होशील फुकट!" मी ३६ वर्षांची आहे, पण आक्कांचा हिशेब त्या दिवशी जरा आनंदात होता.

या सगळ्या खेपांमधून आमच्या घरात एक पिशवी तयार झाली. जाड कापडाची, शाळेच्या दप्तरातली जुनी. तिच्यात साडीबरोबर येते ती पारदर्शक पिशवी, म्हणजे पावसात कागद भिजत नाहीत. आत आधार आणि त्याच्या चार झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स, पासबुक, दवाखान्याचे कागद तारखेप्रमाणे, आणि संपलेल्या गोळ्यांचं एक रिकामं पाकीट, कारण नाव तोंडी सांगताना चुकतं, पाकीट चुकत नाही. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मुलाचा नंबर, माझा, आशाताईंचा, आणि १४५६७. हा ज्येष्ठ नागरिकांचा मोफत मदतीचा नंबर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. आणि मी पुठ्ठ्याच्या मागे आक्कांसाठी लिहिलं आहे, "काय उघडताय ते विचारल्याशिवाय बोट टेकवायचं नाही." आक्कांना वाचता येत नाही, पण हे लिहिलेलं आहे हे त्या ज्याला त्याला सांगतात.

पिशवी आक्कांच्या खुंटीला असते, माझ्या कपाटात नाही. त्यांचे कागद त्यांच्याजवळ. पाळ्या मात्र आम्ही बायकांनी वाटून घेतल्या आहेत. एका महिन्याला मी, एका महिन्याला धाकट्या जाऊबाई, एका महिन्याला समोरच्या शिवण करणाऱ्या वहिनी. आणि दर चौथ्या महिन्याला आमचे हे, चहाला न जाण्याच्या अटीवर. त्या दिवशी आळीतल्या आणखी कोणा आजी-आजोबांना जायचं असेल तर एकाच रिक्षात. म्हणजे एकीवर सगळा भार पडत नाही आणि रिक्षाही वाटून जाते.

सहा हजार हातात आले त्या संध्याकाळी आक्कांनी आधी वाण्याची उधारी फेडली. मग आमच्या स्वयंपाकघरात आल्या, पदराची गाठ सोडली आणि ओट्यावर पैसे ठेवले. चारशे ऐंशी रुपये. माझ्याबरोबरच्या सहा खेपांचं रिक्षाभाडं, जाऊन-येऊन. आक्कांनी खोलीच्या भिंतीवर कोळशाने सहा रेघा ओढून ठेवल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. "पगार झालाय," त्या म्हणाल्या. मी पैसे मोजून घेतले, आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.